पॉवर स्टेअरिंगचा आवाज जात नाही? पंप बदलण्याआधी या क्रमाने तपासा

स्टेअरिंग वळवलं की बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये नेलं की लगेच निकाल मिळतो, "पंप गेला." पंप बदलतात, चांगलं मोठं बिल होतं आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज पुन्हा सुरू. मग दुसरा पंप येतो, मग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) उतरवायची भाषा सुरू होते. पंप खरोखर जातातही, पण ओरडणारा पंप बऱ्याचदा नुसता उपाशी असतो. त्याला पुरेसं ऑइल पोहोचत नाही किंवा ऑइलबरोबर हवा पोहोचते. ती अडचण तशीच ठेवून नवा पंप बसवला तर तोही ओरडणार, आणि हवेवर चालून लवकर झिजणार.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आवाज पुन्हा ऐका. एकाच दिवशी बेल्ट, ऑइल आणि होज (ऑइलची रबरी नळी) बदलले तर आवाज कशाने गेला ते कळत नाही, आणि नाही गेला तर काय राहिलं तेही कळत नाही.

## आधी ठरवा: गाडीत स्टेअरिंगचं ऑइल आहे का?

हा लेख हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगसाठी आहे. पॉवर स्टेअरिंगवाली बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा आणि इनोव्हा क्रिस्टा अशा त्या गाड्या. बॉनेट उघडा. झाकणावर स्टेअरिंगच्या चाकाची खूण असलेली लहान डबी आणि बेल्टवर फिरणारा पंप दिसला, तर पुढे वाचा.

स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन, आय-ट्वेंटी अशा गाड्यांत स्टेअरिंगला इलेक्ट्रिक मोटर मदत करते. तिथे ना ऑइल, ना पंप, ना बेल्ट. अशा गाडीत खडबडीत रस्त्यावर येणारी 'खटखट' ही बहुतेक वेळा रॅक, कॉलमचा जॉइंट किंवा सस्पेन्शनची असते. तुमच्यासाठी टप्पा १ आणि टप्पा ८ एवढेच कामाचे. मीटरवर स्टेअरिंगचा दिवा लागला असेल तर दोष वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय काही खोलू नका.

## तयारी

सपाट, पक्की जागा हवी. उतारावर किंवा ओल्या मातीत पुढची चाकं उचलायची नाहीत. सामान असं:

- जॅक आणि दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना अडवायला लाकडी ठोकळे
- टॉर्च, पांढरा कागद किंवा स्वच्छ पांढरं फडकं
- ५० मिलीची सिरिंज (मेडिकलमध्ये मिळते) आणि तिला बसेल अशी पारदर्शक नळी
- लांब स्क्रू ड्रायव्हर, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असेल तर उत्तम
- पाण्याची स्प्रेची बाटली
- गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच ऑइल, निदान दोन लिटर
- स्टेअरिंग फिरवायला एक माणूस, जो सांगितल्याशिवाय चावीला हात लावणार नाही

पुढच्या टायरमधली हवा आधी बरोबर करून घ्या. टायर बसलेले असतील तर स्टेअरिंग जड होतं, पंपावर ताण येतो आणि आवाज वाढतो. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत होणारं हे काम राहून जातं आणि लोक थेट रॅकपर्यंत पोहोचतात.

इंजिन धुऊन आणू नका. ऑइल कुठून पाझरतंय ते धुळीच्या थरावर दिसतं. ओला काळा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, त्याचे फोटो काढा, मग तेवढाच भाग पुसा. आधीच सर्व्हिस सेंटरला फोम वॉश करून आणलं की हा पुरावा गेलाच म्हणून समजा.

सावधान: चालू इंजिनजवळ ओढणी, सैल बाही, घड्याळ, लांब केस काही नको. हे ऑइल पेट घेतं. तापलेल्या सायलेन्सरवर किंवा टर्बोवर गळत असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, टोइंग करा.

## टप्पा १: आवाज ओळखा, अजून काही खोलू नका

मोबाइल चालू करून डॅशबोर्डवर ठेवा आणि या सहा वेळा रेकॉर्ड करा: सकाळी थंड इंजिन सुरू करताना, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) स्टेअरिंग सरळ असताना, आयडलवर हळू वळवताना, झटक्याने वळवताना, स्टेअरिंग सरळ ठेवून रेस केल्यावर, आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवताना. स्पीड ब्रेकरवरून सावकाश जाताना आवाज येत असेल तर तोही घ्या.

आता ऐका.

वळवताना 'घूंऽ' वाढतो आणि रेसबरोबर त्याची पट्टी चढते: ऑइल, हवा किंवा पंप. टप्पा ३ ते ६ तुमचे.

इंजिन सुरू करताच किंवा झटक्याने वळवताना 'चींऽ' अशी किंकाळी: बेल्ट. टप्पा २.

स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला टेकल्यावर 'सूंऽ', थोडं सोडलं की बंद: पंपातला प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज. हा बिघाड नाही. या एका आवाजासाठी पंप बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

रेसबरोबर वाढतो, पण स्टेअरिंग वळवल्याने काडीचा फरक पडत नाही: स्टेअरिंगचा संबंध बहुधा नाहीच. अल्टरनेटरचं बेअरिंग, टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग), आयडलर पुली (बेल्टला आधार देणारी चकती) किंवा वॉटर पंप बघा.

'ठक', 'कट', 'कर्र', आणि इंजिन बंद असतानाही येतो: ऑइलशी देणंघेणं नाही. सरळ टप्पा ८.

हिवाळ्यात नाशिक किंवा महाबळेश्वरच्या पहाटे पहिलं एखादं मिनिट हलका आवाज आला आणि मग गेला, तर घाबरायचं कारण नाही. थंड ऑइल घट्ट असतं. पण तोच आवाज दर वर्षी जास्त वेळ टिकू लागला असेल तर टप्पा ४ मन लावून करा.

सावधान: स्टेअरिंग शेवटपर्यंत टेकवून ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. त्या स्थितीत पंप पूर्ण दाबावर चालतो आणि ऑइल झपाट्याने तापतं.

## टप्पा २: बेल्ट

इंजिन बंद, चावी खिशात. बेल्टची आतली, खाचांची बाजू टॉर्चने बघा. आडव्या चिरा, तुटलेल्या खाचा, काचेसारखी चमक किंवा ऑइलचा ओलावा दिसला तर बेल्ट बदलायचा. ऑइल लागलेला बेल्ट पुसून चालवू नका, कारण रबर आधीच फुगलेलं असतं. ते ऑइल पंपाच्या शाफ्ट सीलमधून (पुलीमागे दांडीभोवती असलेलं सील) आलंय का तेही बघा, नाहीतर नवा बेल्टही भिजेल.

हाताने ताण द्यायचा बेल्ट असेल तर सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन बघा. साधारण १० मिमी दबला तर ठीक, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर त्याचा हात चालू इंजिनवर थरथरतोय का बघा. किंचित हालचाल चालते, सतत फडफड नाही.

मग पाण्याची चाचणी. इंजिन आयडलवर ठेवून, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा.

- आवाज काही सेकंद गेला आणि परत आला: पुली एका रेषेत नाहीत.
- आवाज एकदम वाढला: बेल्ट सैल आहे, घसरतोय.
- काहीच फरक नाही: आवाज बेल्टचा नाही, पुढे चला.

बेल्टला साबण, मेणबत्ती किंवा फवारायचं 'बेल्ट ड्रेसिंग' लावू नका. चार दिवस शांतता मिळते, पण खरं कारण झाकलं जातं आणि त्या चिकट थरावर धूळ बसून खाचा झिजतात. मुसळधार पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर चीं झाली आणि बेल्ट वाळताच थांबली, तर फक्त ताण तपासा.

शंका उरलीच तर बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. खरखर, अडखळणं किंवा डुगडुग ज्या पुलीला लागेल तिथे दोष. बेल्टशिवाय इंजिन सुरू करून आवाज गेला का हेही बघता येतं, पण अर्ध्या मिनिटाच्या आत बंद करा. त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर इंजिनला थंडावा मिळत नाही.

सावधान: बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो. बेल्ट काढलेली अशी गाडी हातभरही चालवू नका, ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होईल.

## टप्पा ३: ऑइल किती आणि कसं

डबीवर किंवा झाकणाच्या दांडीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. इंजिन बंद करून, ज्या तापमानाला बघताय त्याच खुणेशी पातळी जुळवा. थंड गाडीत गरम खुणेपर्यंत भरलं तर ऑइल तापून झाकणातून बाहेर येतं, सगळीकडे पसरतं, आणि मग ती 'गळती' शोधत बसावं लागतं.

पातळी कमी असेल तर भरून मोकळे होऊ नका. ही बंद यंत्रणा आहे, ती ऑइल पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं.

आता सिरिंजने थोडं ऑइल काढून पांढऱ्या कागदावर सोडा. लालसर, पारदर्शक असेल तर चांगलं. तपकिरी म्हणजे जुनं. काळं आणि त्यात बारीक काळे कण असतील तर होज आतून झडतोय. चकचकीत धातूची पूड दिसली तर पंप खरंच झिजतोय, ही नोंद टप्पा ९ साठी ठेवा. दुधाळ, गुलाबी, फेसाळ दिसलं तर हवा मिसळली आहे किंवा पाणी शिरलं आहे. फरक ओळखायला नमुना काचेच्या लहान बाटलीत रात्रभर ठेवा. हवा वर येऊन ऑइल स्वच्छ झालं तर हवा, तसंच गढूळ राहिलं तर पाणी.

ऑइलच्या प्रकारात सर्वांत जास्त घोळ होतो. बऱ्याच गाड्यांना डेक्स्रॉन प्रकारचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, सगळ्यांना नाही. होंडाच्या हायड्रॉलिक गाड्यांना कंपनीचं वेगळं ऑइल लागतं, काही युरोपीय गाड्यांना हिरवं सिंथेटिक. रंगावरून अंदाज बांधू नका. झाकणावर किंवा पुस्तिकेत जे लिहिलंय तेच आणा आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

सावधान: डबीत ब्रेक ऑइल कधीच टाकू नका. डब्या जवळजवळ असल्या की ही चूक हमखास होते. ब्रेक ऑइलने स्टेअरिंगची सगळी सीलं फुगतात आणि मग पंप, रॅक, होज असं सगळंच बदलायची पाळी येते. चुकून पडलंच तर इंजिन सुरू न करता डबी उपसा आणि गाडी उचलून न्या.

## टप्पा ४: ओढणारी बाजू

सारखा परत येणारा आवाज बहुतेक वेळा इथेच सापडतो, म्हणून या टप्प्याला घाई नको.

डबीतून पंपात ऑइल नेणारा जाड, साधा रबरी होज म्हणजे ओढणारी बाजू. पंपातून रॅककडे जाणाऱ्या पाइपात दाब प्रचंड असतो, तिथे भोक पडलं की ऑइल उडतं आणि कुणालाही दिसतं. ओढणाऱ्या होजमध्ये उलटं घडतं. पंप ओढत असल्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. जोड किंचित सैल असला तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रसवंतीत ग्लास तळाला आल्यावर नळीतून जसा आवाज येतो, तसाच हा पंप ओरडतो. जमिनीवर एक थेंब पडलेला नसतो आणि म्हणूनच "गळती नाही, म्हणजे पंपच" असा निष्कर्ष निघतो.

हवा शिरतेय का, ते असं बघा. इंजिन आयडलवर असताना डबीतल्या पातळीवर मार्करने रेघ मारा. इंजिन बंद करून लगेच पातळी बघा. ती ५ मिमीपेक्षा जास्त वर आली तर यंत्रणेत हवा आहे: दाब गेल्यावर दबलेले बुडबुडे फुगतात आणि ऑइलला वर ढकलतात. ५ मिमीची ही मर्यादा टोयोटाच्या वर्कशॉप पुस्तिकांमधली आहे. इतर गाड्यांतही ढोबळ खूण म्हणून ती उपयोगी पडते.

आता हवा कुठून येते ते शोधायचं. ठिकाणं चारच.

होजचे दोन्ही जोड. स्प्रिंगची क्लिप जुनी होऊन ढिली पडते. होज हाताने गोल फिरवून बघा, सहज फिरला तर हवा ओढतोय. स्क्रूचा क्लॅम्प लावत असाल तर जीव खाऊन आवळू नका. डबीचं प्लॅस्टिकचं तोंड चिरतं आणि मग खरी गळती सुरू होते.

होज स्वतः. चिमटीत दाबा. लाकडासारखा कडक झाला असेल किंवा दाबताना बारीक चिरा उघडत असतील तर बदला. उलट फार मऊ, लिबलिबीत झाला असेल तर रेस केल्यावर तो आत चिकटतो आणि पंपाची वाट बंद होते. मदतनिसाला रेस करायला सांगा आणि होज चपटा होतोय का ते बघा. बदलताना ऑइलला चालणारा होजच घ्या. रेडिएटरच्या होजचा तुकडा कापून लावायची पद्धत आहे, पण तो होज पाण्यासाठी असतो, ऑइलने फुगतो.

पंपाच्या तोंडावरची ओ-रिंग. बऱ्याच पंपांत होज थेट पंपावर नसतो. आधी एक लहान कोपरा बोल्टने बसवलेला असतो आणि त्याच्याखाली ओ-रिंग असते. इंजिनच्या उष्णतेने ती कडक आणि चपटी होते. एवढ्याशा रबरी रिंगसाठी अख्खे पंप भंगारात जातात. मापाची, ऑइलला टिकणारी नायट्राइल रबरची रिंग घ्या, नळाच्या दुकानातला वॉशर नाही. बसवण्याआधी रिंगला तेच स्टेअरिंग ऑइल लावा, कोरडी बसवली तर पिळवटून फाटते.

पंपाचा शाफ्ट सील. पुलीमागे ओलसर धूळ दिसली तर संशय घ्या.

नेमका जोड कोणता हे ठरवायला इंजिन चालू ठेवून एकेका जोडाभोवती घट्ट ग्रीसचा थर लावा. पंपाजवळचा जोड फिरत्या बेल्टला लागून असेल तर इंजिन बंद करून ग्रीस लावा, मग सुरू करा. ज्या जोडाला लावल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तोच गुन्हेगार. ग्रीस हा शोध घेण्याचा उपाय आहे. तसंच सोडून गाडी वापरू नका, जोड नीट करा.

आता डबी. काही डब्यांच्या तळाशी किंवा आत बारीक जाळी असते. वर्षानुवर्षांचा गाळ आणि रबराची पूड तिथे अडकते. डबी भरलेली दिसते, पण पंपापर्यंत ऑइल पोहोचत नाही. ऑइल उपसून टॉर्चने आत बघा. जाळी काळी दिसली तर डबी काढून ब्रेक क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळवा. गाळ घट्ट बसला असेल किंवा जाळी फाटली असेल तर डबीच बदला. नव्या पंपाला जुनी तुंबलेली डबी जोडणं हे 'पंप बदलला तरी आवाज' या तक्रारीचं मोठं कारण आहे.

खात्री करा: एकही जोड संशयात नाही, होज कडक किंवा चपटा नाही, जाळी स्वच्छ आहे. हे तिन्ही होईपर्यंत हवा काढायला बसू नका. एका बाजूने काढाल, दुसऱ्या बाजूने शिरेल.

## टप्पा ५: जुनं ऑइल काढणं

ऑइल स्वच्छ असेल तर हा टप्पा सोडा. काळं, जळकट वासाचं किंवा दुधाळ असेल तर पूर्ण बदला. नुसती डबी उपसून भरली तर रॅक आणि पाइपातलं जुनं ऑइल तसंच राहतं.

पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या. डबीतलं ऑइल सिरिंजने काढा. रॅककडून परत येणारा होज डबीवरून सोडवा. ओढणारा आणि परतीचा होज ओळखण्यात गल्लत होते: ओढणारा जाड असतो आणि डबीच्या तळातून सरळ पंपाकडे जातो. डबीचं रिकामं झालेलं तोंड रबरी टोपीने बंद करा, सोडवलेल्या होजला पारदर्शक नळी जोडून तिचं टोक बाटलीत सोडा.

इंजिन बंदच. मदतनीस स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवेल, तुम्ही डबीत नवं ऑइल ओतत राहा. नळीतून स्वच्छ रंग येऊ लागला की थांबा. बहुतेक गाड्यांना लिटरभराच्या आसपास ऑइल लागतं, धुऊन निघायला त्याहून थोडं जास्त. डबी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. हेच काम इंजिन चालू ठेवून झटपट करतात, पण डबी काही सेकंदांत उपसली जाते आणि पंप कोरडा फिरतो.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

## टप्पा ६: हवा काढणं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्या घाईने. क्रम असा:

१. पुढची चाकं हवेतच, इंजिन बंद. डबी थंड खुणेपर्यंत भरा, झाकण नुसतं वर ठेवा.

२. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, १५ ते २० वेळा. टोकाला आपटू नका. दर चार-पाच फेऱ्यांनी पातळी बघून ऑइल घाला. बुडबुडे वर येताना दिसतील.

३. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करा, फक्त आयडल. पातळी झपाट्याने खाली गेली तर लगेच बंद करा, भरा, पुन्हा सुरू करा.

४. आयडलवर सावकाश काही फेऱ्या मारा. टोकाला क्षणभर टेकवा आणि परत या.

५. इंजिन बंद करा. ऑइल फेसाळलं असेल तर अर्धा-एक तास गाडीला हात लावू नका, रात्रभर ठेवली तर आणखी चांगलं. मग पायरी २ पासून पुन्हा.

६. चाकं जमिनीवर आणा, इंजिन सुरू करून पुन्हा फेऱ्या, आणि टप्पा ४ मधली ५ मिमीची चाचणी.

चाकं न उचलता, इंजिन चालू ठेवून, रेस देत गरागरा स्टेअरिंग फिरवून हवा 'काढली' जाते ते चुकीचं आहे. त्यात पंप बुडबुड्यांना घुसळून इतके बारीक करतो की ते ऑइलात विरघळल्यासारखे राहतात आणि तासन्‌तास वर येत नाहीत. ग्राहकाला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी परत येतो.

खात्री करा: ऑइल स्वच्छ, फेस नाही, इंजिन बंद केल्यावर पातळी जवळपास स्थिर. असं झालं आणि आवाजही गेला तर पुढचे टप्पे वाचायची गरज नाही.

## टप्पा ७: पाइप बॉडीला टेकतोय का?

हे दोन मिनिटांचं काम आहे. दाबाच्या पाइपातून जाणारं ऑइल थोडं थरथरतं. पाइप चेसिसला किंवा दुसऱ्या पाइपला टेकला की ती थरथर घुमून आत केबिनमध्ये ऐकू येते, बाहेर उभं राहिलं तर जवळजवळ काहीच नाही. क्लच, गिअरबॉक्स किंवा रॅकचं काम झाल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर आधी हेच बघा. पाइपाच्या क्लिपमधलं रबर काम करताना पडलेलं असतं. बसलेलं इंजिन माउंटिंगही पाइपाला बॉडीकडे ढकलतं. पाइप तापलेला असतो, म्हणून तो लाकडी काठीने थोडा सरकवा. आवाज बदलला तर रबर लावून मोकळा करा. स्टीलचा पाइप हाताने वाकवायला जाऊ नका.

## टप्पा ८: ठकठक आणि करकर

टायर जमिनीवर, इंजिन चालू. मदतनीस स्टेअरिंग थोडंसं, भरभर डावी-उजवीकडे हलवेल. तुम्ही चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा आणि टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं टोक), रॅकचे बुश (रॅक धरणारे रबर), बॉल जॉइंट एकेक बघा. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही.

टाय रॉड एंडचा ढिलेपणा डोळ्यांना दिसतो. रॅकचे बुश गेले असतील तर अख्खा रॅकच इकडून तिकडे सरकतो. ठक पेडलच्या जवळून येत असेल तर कॉलम आणि रॅक यांच्यामधल्या शाफ्टचा जॉइंट बघा. तो हाताने धरून मदतनिसाला स्टेअरिंग हलवायला सांगा, पण इंजिन बंद ठेवून. जागेवर वळवताना 'टंग' आवाज येऊन स्प्रिंग उडी मारत असेल तर स्ट्रटच्या (स्प्रिंगमधल्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग गेलं आहे. कोकणात आणि गोव्यात ओलाव्यामुळे हे बेअरिंग गंजून लवकर अडकतं.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. बूट फाटला असेल तर चिखल आत गेलाच. बूट धड आहे पण आत ऑइल साचलंय, म्हणजे रॅकचं सील गळतंय. कमी होणारं ऑइल जमिनीवर दिसत नसेल तर ते बहुधा इथे जमा होत असतं.

## टप्पा ९: आता पंपाकडे

इथपर्यंत सगळं नीट आहे आणि आवाज तसाच, तरच पंप. तरीही पुरावा घ्या. स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवा, मूठ कानाशी धरा, मग अल्टरनेटरवर, मग टेन्शनरवर. घरघर पंपावरच ठळक आली, पुली हाताने हलवल्यावर डुगडुगली किंवा ऑइलात धातूची पूड मिळाली, तर पंप गेला हे नक्की. नुसतं स्टेअरिंग जड आहे आणि आवाज संदिग्ध आहे, तर गॅरेजला प्रेशर गेज लावायला सांगा. त्या चाचणीत गेजचा व्हॉल्व्ह ५ सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवायचा नसतो, आणि ती घरी करायची नाही.

सील किटने पंपाची गळती थांबते, घरघर थांबत नाही. आतली पाती आणि ती ज्या रिंगवर घासतात ती रिंग झिजली की नव्या सीलचा तिथे उपयोग नसतो. गॅरेजवाला घरघरीसाठी किट सुचवत असेल तर तो खर्च वाचवा.

पंप बदलताना चार गोष्टी लिहून द्या, तोंडी नको: टप्पा ५ प्रमाणे पूर्ण ऑइल बदल, डबी साफ किंवा नवी, पंपाच्या तोंडावर नवी ओ-रिंग, आणि पुली बसवायला प्रेसिंग टूल. पुली हातोडीने ठोकून बसवली की नव्या पंपाचं बेअरिंग पहिल्याच दिवशी दुखावतं. जुन्या ऑइलात धातूची पूड होती तर पाइप आणि रॅक धुतल्याशिवाय नवा पंप जोडू देऊ नका. नवा पंप बसवून झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी टप्पा ६ मधल्या पायऱ्या १ आणि २ तुमच्या समोर करायला लावा. जुना पंप मागून घ्या.

## काम झाल्यावर

दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मग थंड इंजिनवर पातळी बघा. पातळी तीच आणि आवाज परत आला, तर हवा अजून शिरतेय: टप्पा ४ ला जा, यावेळी पंपाचा शाफ्ट सील आधी बघा. पातळी उतरली असेल तर ऑइल बाहेर जातंय: दाबाचा पाइप, परतीचा होज आणि रॅकचे बूट याच क्रमाने बघा. चालवताना स्टेअरिंग मध्येच एकदम जड झालं तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि आधी बेल्ट जागेवर आहे का ते बघा.